सव्वादोन वर्षांच्या लेकीला ताडोब्याला न्यावं का?

पत्राचा सारांश: आम्ही नवरा-बायको दोघंही जंगलवेडे. लग्नाआधीपासून दरवर्षी ताडोबा नाहीतर पेंच ठरलेलं असायचं. मुलगी झाल्यापासून सगळं बंद आहे. ती आता सव्वादोन वर्षांची आहे. आमच्या जुन्या ग्रुपने, म्हणजे आम्हाला धरून सहा जणांनी, मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात ताडोबा ठरवलंय. मोहर्ली गेट, तीन दिवसांत चार सफाऱ्या. नवरा म्हणतो, तिला आईकडे ठेवू आणि जाऊन येऊ. सासूबाई सांभाळायला तयार आहेत, पण एवढ्याशा लेकराला जंगलात न्यायचं नाही, असं त्यांनी बजावून सांगितलंय. मला मात्र तिला न्यायचंय. आत्ताच जंगलाची गोडी लागली तर लागेल, नाहीतर हल्लीची मुलं मोबाइलमध्येच वाढतात. रडली तर अंगावर घेईन, फारच झालं तर फोनवर गाणी लावून देईन. ती अजून रात्री अंगावर पिते. तिला न्यावं, ठेवून जावं, की ती मोठी होईपर्यंत आम्ही जंगल विसरावं? (पुण्याहून एक वाचक)

मे महिन्यात तिला ताडोब्याला नेऊ नका. रजा, तिकिटं आणि परमिटचे पैसे यावर अडले असतील, म्हणून हे आधीच सांगितलेलं बरं.

मे महिन्यात चंद्रपूर जिल्ह्यात पारा 45 अंशांपुढे जाणं नेहमीचं आहे. तुम्ही जुन्या जाणत्या आहात, त्यामुळे उन्हाळ्यात वाघ का दिसतो हे तुम्हाला ठाऊक आहे. पाणवठे आटतात, उरलेल्या पाण्यावर जनावरं येतात आणि पानगळ झाल्याने नजर लांबवर जाते. पण ज्या पानगळीमुळे आपल्याला वाघ दिसतो, तिच्यामुळेच उघड्या जिप्सीवर सावलीचा टिपूस राहत नाही. दुपारची फेरी सुरू होते तेव्हा झळा ऐन भरात असतात. दोन वर्षांच्या मुलाचं अंग मोठ्या माणसाच्या मानाने फार लवकर तापतं आणि तहान लागली हे त्याला नीट सांगता येत नाही. सहा तास लघवी न होणं, रडताना डोळ्यांत पाणी न येणं, तोंड कोरडं पडणं आणि एरवी धावणारं मूल गळून मांडीवर पडून राहणं, ही पाणी कमी झाल्याची लक्षणं आहेत. यातलं काहीही जंगलाच्या मध्यावर, गेटपासून तासाभराच्या अंतरावर दिसायला नको. आणि तुम्ही तिला सफारीला नेलं नाहीत तरी सकाळी दहा ते संध्याकाळी साडेपाच ती एसीच्या बंद खोलीतच राहणार. म्हणजे तुम्ही म्हणता ती जंगलाची गोडी मे महिन्यात तिच्या वाट्याला येणारच नाही.

पण ‘मे महिन्यात नको’ आणि ‘जंगल विसरा’ यांत बरंच अंतर आहे. तुमच्या पत्रात एक गोष्ट गृहीत धरली आहे. जंगलात जाणं म्हणजे सफारी, आणि सफारी म्हणजे वाघ. मोठ्यांसाठी हे बरंचसं खरं आहे. सव्वादोन वर्षांच्या मुलीसाठी ती अगदी वेगळी गोष्ट आहे, आणि सगळी अडचण तिथूनच सुरू होते.

सकाळची एक फेरी तिच्या बाजूने बघा. साडेचारला झोपेतून उचलायचं, अंधारात कपडे चढवायचे, जिप्सीत बसवून गेटवर आणायचं. तिथे ओळखपत्रांची तपासणी आणि रांग. मग आत साधारण चार तास. मधल्या थांब्यावर स्वच्छतागृह असतं, पण तो थांबा तिच्या पोटाच्या वेळेवर येत नाही, आणि ठरलेल्या जागेशिवाय कुठेही खाली उतरता येत नाही. डायपर बदलायचा तर चालत्या किंवा थांबलेल्या जिप्सीतच, सगळ्यांच्या मधोमध. चितळाचा कॉल, म्हणजे धोक्याचा इशारा, आला की गाइड गाडी बंद करायला सांगतो आणि पुढची वीस, तीस, कधी चाळीस मिनिटं सगळे श्वास रोखून बसतात. या वयाच्या मुलाला दिवसाच्या चोवीस तासांत 11 ते 14 तास झोप लागते. त्यातली पहाटेची आपण मोडलेली असते, आणि तीस मिनिटं गप्प बसण्याची ताकद त्याच्यात आलेलीच नसते. ते रडणारच. त्यात तिचं किंवा तुमचं काही चुकत नाही.

तुम्ही म्हणता, फोनवर गाणी लावू. ताडोब्याच्या कोअरमध्ये, म्हणजे गाभ्याच्या जंगलात, मोबाइल नेऊ देत नाहीत. आणि तशी मुभा असती तरी पाणवठ्यावर बालगीत वाजलं की तुमच्याच नाही, मागच्या चार जिप्स्यांमधल्या लोकांचीही सकाळ गेली. जनावराच्या दृष्टीनेही ते बरं नाही. अंगावर घेण्याचं म्हणाल, तर सपाट रस्त्यावर आणि थांबलेल्या गाडीत ते जमतं. खडबडीत वाटेवर गाडी उसळली की तिचे दात आणि तुमची हनुवटी, दोन्हींना मार बसतो.

सगळ्यात मोठा धोका वाघाचा नसतो. जिप्सीत प्रत्येक रांगेपुढे हात धरायला लोखंडी पाइप असतो आणि मांडीवर बसलेल्या मुलाचं तोंड बरोबर त्याच उंचीवर येतं. पुढच्या वळणावर काही दिसलं की ड्रायव्हर कचकन ब्रेक लावतो. ओठ फुटणं, पुढचा दात हलणं, कपाळाला टेंगूळ हे असं होतं. दुसरा धोका म्हणजे उत्साहाच्या भरात मुलाला सीटवर उभं करून ‘बघ बघ’ म्हणणं. उघड्या गाडीतून बाहेर झुकलेलं, हातपाय हलवणारं, किंचाळणारं लहान मूल मोठ्या मांजरकुळातल्या प्राण्याचं लक्ष फार पटकन वेधून घेतं. जाणता गाइड म्हणूनच लहान मुलाला कडेला बसू देत नाही.

एवढं सगळं सोसून तिला दिसणार काय? शंभर मीटरवर गवतात बसलेला वाघ मोठ्यांनासुद्धा दुर्बिणीशिवाय धड सापडत नाही. कान हलला तेव्हा कळलं, असं आपण म्हणतो. दोन वर्षांचं मूल हाताच्या अंतरावरच्या, हलणाऱ्या आणि हात लावता येईल अशा गोष्टींकडे ओढलं जातं. त्याच्यासाठी जंगल गुडघ्याच्या उंचीचं असतं. वारुळाचं तोंड, ओळीने चाललेल्या मुंग्या, वाळक्या पानांवर पाय दिल्यावर येणारा चुरचुर आवाज, झाडावरून उतरलेलं वानराचं पिल्लू. ऐनाच्या खोडाची साल मगरीच्या पाठीसारखी भेगाळलेली असते. तिच्यावर तिचा हात फिरवून बघा. ही ओळख चालता चालता होते, जिप्सीतून नाही.

म्हणून माझं मत असं. सफारी तुम्ही करा, आळीपाळीने. तिला सफारीबाहेरचं जंगल दाखवा, आणि तेही हिवाळ्यात.

आधी मे महिन्याचा निकाल लावू. तीन वाटा आहेत. दोघांनी जायचं आणि तिला आजीकडे ठेवायचं, ही नवऱ्याची सूचना. ती टाकाऊ नाही. सव्वादोन वर्षांची मुलगी ओळखीच्या घरात, ओळखीच्या माणसापाशी तीन-चार रात्री राहू शकते. प्रश्न रात्रीच्या पिण्याचा आहे. सहलीसाठी म्हणून एका रात्रीत तोडू नका. अचानक बंद केलं तर छातीत गाठी होतात, कधी ताप येतो, आणि जंगलाच्या मुक्कामात ते फार त्रासाचं होतं. महिना-दीड महिना हाताशी असेल तर चार-पाच दिवसांनी एकेक वेळ कमी करत जा, मधल्या जागेला नवऱ्याने उठून पाणी पाजून थोपटायचं ठेवा, आणि जाण्याआधी दोन शनिवार तिला सासूबाईंकडे मुक्कामाला ठेवून बघा. दुसऱ्या शनिवारीही ती रात्रभर आक्रंदत असेल तर ही वाट सोडा.

दुसरी वाट, दोघांपैकी एकाने जायचं. इथे ‘अर्थातच नवरा जाईल’ हे आपोआप ठरवू नका. पिणं सुटलं असेल तर तुम्हीही जाऊ शकता. दोन वर्षांत तुमची एकही पहाट स्वतःची गेली नसेल, तर त्याचा हिशेब घरात बोलून व्हायला हवा. तिसरी वाट, मे महिना सोडून द्यायचा. मला दुसरी वाट पटते, कारण ग्रुपची गाडी मोडत नाही आणि घरात कुणावर जबरदस्ती होत नाही. ग्रुपला सांगताना कारणं लांबवू नका. ‘आमच्यातलं एकच येईल, रिकाम्या जागेचा वाटा आम्ही भरतो’ एवढं पुरे. जिप्सीचं आणि गाइडचं भाडं सहा जणांत वाटलेलं असतं. पाचावर ते वाढतं, आणि न बोलता ते इतरांवर पडलं तर मैत्रीत खुपतं.

आता हिवाळ्याचं. नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत जा. पावसाळ्यात, जुलै ते सप्टेंबर, कोअर बंद असतं. दर मंगळवारी उद्यानाला सुट्टी असते, तेव्हा मुक्काम आखताना मंगळवार प्रवासात घाला. पुण्याहून नागपूरला रात्रीची रेल्वे किंवा विमान, आणि पुढे मोहर्लीपर्यंत साधारण तीन तासांचा रस्ता. टॅक्सीत मुलाची सीट मिळत नाही, घरची घेऊन जा. रस्त्यात दीड तासाने एकदा थांबून तिला पंधरा मिनिटं पळू द्या. पोहोचण्याच्या दिवशी सफारी ठेवू नका. प्रवासाने किरकिरलेल्या मुलाला एकाकडे टाकून दुसऱ्याने गेटवर धावत सुटायचं, हे पहिल्याच दिवशी नको.

आळीपाळीचं गणित सोपं आहे. दोन दिवसांच्या चार फेऱ्या. पहिल्या दिवशी सकाळ तुमची, दुपार नवऱ्याची. दुसऱ्या दिवशी उलट. प्रत्येकाला एक सकाळ आणि एक दुपार मिळते, आणि मुलीजवळ कायम एक जण असतो. परमिटवर ज्याचं नाव आणि ओळखपत्र त्यालाच आत सोडतात. त्यामुळे कोणती फेरी कुणाची हे बुकिंगच्या वेळीच ठरवून नावं भरा. ‘आज तू जा, मी थांबते’ हे गेटवर चालत नाही. नाताळ आणि जानेवारीतल्या जोडून सुट्ट्यांच्या जागा फार लवकर संपतात. शक्य असेल तर मधल्या वारांना जा, गर्दीही कमी असते.

मुक्कामाची जागा निवडताना पूल आणि बुफे बाजूला ठेवा आणि फोनवर हे विचारा: आवाराला चारी बाजूंनी कुंपण आहे का? पूल असेल तर त्याला वेगळं फाटक आहे का? खिडक्यांना जाळी आहे का? वीज गेली तर जनरेटर आहे का? आणि संध्याकाळी साडेसहाला मऊ वरणभात करून मिळेल का? शेवटचा प्रश्न क्षुल्लक वाटेल, पण जंगलातल्या बहुतेक रिसॉर्टमध्ये रात्रीचं जेवण साडेआठ-नऊला लागतं आणि ते तिखट असतं. तोवर तुमची लेक उपाशी झोपलेली असते आणि रात्री दोनला उठून रडते. विदर्भातल्या स्वयंपाकघरात सांगितलं तर बिनतिखटाचं वरण आनंदाने करून देतात, फक्त आधी सांगायला हवं.

तिचा दिवस असा ठेवता येईल. सकाळी उठेल तेव्हा उठू द्या. ऊन अंगावर आलं की, आठ-साडेआठच्या सुमाराला, आवारातच पाऊण तास. तिच्या वेगाने चाला. या वयाचं मूल अर्ध्या तासात दोनशे मीटर जातं, कारण दर चार पावलांवर ते खाली बसतं. घाई केलीत की सगळं फुकट. हातात एक रिकामा डबा द्या, खाली पडलेली पानं, बिया, पीस भरायला. हे फक्त मुक्कामाच्या आवारात. राष्ट्रीय उद्यानातून पान-पीससुद्धा उचलायचं नसतं, आणि ‘हात मागे, डोळे पुढे’ हा खेळ तिला आत्तापासून शिकवता येतो. आवारात सागाचं कोवळं पान मिळालं तर ते तिच्या तळहातावर चोळा. हात लालभडक होतो आणि मुलं हरखून जातात. दुपारी झोप, आणि चारनंतर पुन्हा तासभर. सूर्य कलला की आत.

सूर्य कलला की आत, हे मी काटेकोरपणे म्हणतोय असं समजा. ताडोबा 1955 सालचं, राज्यातलं सगळ्यात जुनं राष्ट्रीय उद्यान. 1995 साली अंधारी अभयारण्यासह त्याचा व्याघ्र प्रकल्प झाला. कोअर सुमारे 625 चौरस किलोमीटर आणि भोवतीचा बफर त्याहून मोठा. तुमचा मुक्काम बफरमध्ये किंवा त्याच्या कडेला असेल, आणि तिथेही वाघ-बिबटे असतात. कुंपणाबाहेर पायी फिरायचं नाही. आतही मूल हाताच्या अंतरावर. झुडपांच्या कडेला तिला शू करायला बसवू नका. बिबट्याच्या नजरेला खाली बसलेलं लहान मूल सावजाएवढं दिसतं. रात्री खोलीबाहेर दहा पावलं जायचं तरी टॉर्च हवा, आणि सकाळी बूट झटकून मगच पायात.

त्या पाऊण तासात कशाला हात लावू द्यायचा नाही, तेही सांगायला हवं. केसाळ सुरवंट. पानं शिवून केलेली लाल मुंग्यांची घरटी. आणि हिवाळ्यात खास लक्ष ठेवायचं ते खाजकुयलीवर. वेलीवर तपकिरी, मखमली लवेच्या शेंगा लटकत असतात आणि मूल नेमकं त्यांना हात लावायला धावतं. लागलीच तर चोळू नका, चोळल्याने लव आणखी रुतते. खोकी बंद करण्याची चिकटपट्टी असते तिचे तुकडे त्वचेवर दाबून उपटा, दोन-तीनदा. मग भरपूर पाण्याने धुवा आणि तो कपडा वेगळ्या पिशवीत टाका. आग्यामोहळ दिसलं तर लांबूनच वाट बदला, आणि तिला सुगंधी पावडर, तेल लावून नेऊ नका.

एवढं करूनही तिला एकदा तरी जिप्सीत बसवायचं मनात असेल, तर बफरमधली दुपारची एक फेरी, पूर्ण गाडी फक्त तुमच्या घरची, आणि ड्रायव्हर-गाइडला निघण्याआधीच सांगायचं: दीड-दोन तासांत परत फिरायचंय, पाठलाग करायचा नाही. अनोळखी लोकांबरोबर वाटून घेतलेल्या गाडीत हे जमणार नाही, तुम्हाला परत फिरवताना त्यांचा दिवस जातो. मुलाच्या वयाचा आणि तिकिटाचा नियम बुकिंग करतानाच वाचून तिचं नाव-वय नीट भरा. मधली रांग, मधली जागा. दोन्ही बाजूंना मोठी माणसं. तिला तुमच्याकडे तोंड करून कॅरिअरमध्ये छातीशी बांधा आणि समोरच्या पाइपवर जाड टॉवेल दोन वेढे गुंडाळून घट्ट बांधा. निघण्याआधी डायपर नवा. फेरी तिच्या दुपारच्या झोपेनंतर यावी अशी आखा. ती रडू लागली आणि पाच मिनिटांत थांबली नाही, तर गाडी वळवायची. तेव्हा ‘आणखी एक पाणवठा बघू’ म्हणायचं नाही.

खाण्याच्या बाबतीत एकच गोष्ट ठासून सांगायची आहे. हलत्या गाडीत शेंगदाणे, फुटाणे, पॉपकॉर्न, अख्खी द्राक्षं देऊ नका. हादऱ्याबरोबर दाणा श्वासनलिकेत जातो, आणि त्या जागेपासून दवाखाना लांब असतो. देणं भागच असेल तर गाडी उभी असताना केळं किंवा मऊ पोळीचा घास. चुरचुरणारी पाकिटं नकोत, स्टीलचा लहान डबा आणि पाण्याची धातूची बाटली बरी.

थंडीच्या कपड्यांत लोक एक चूक करतात. एकच जाडजूड जॅकेट घालतात. जानेवारीच्या पहाटे पारा दहाच्या खाली येतो आणि दुपारी 28-30 अंश होतात. सुती बनियन, वर पूर्ण बाह्यांचा सुती सदरा, वर स्वेटर, आणि वारा अडवणारा पातळ थर, असे एकावर एक घाला आणि ऊन चढेल तसे उतरवा. तुमच्या स्वतःसाठीही हेच, आणि सगळ्यात जास्त वारा रिसॉर्ट ते गेट या डांबरी रस्त्यावर लागतो, कारण जिप्सी तिथेच वेगात असते. धुळीसाठी दोन-अडीच वर्षांच्या मुलाला मास्क लावून ठेवणं कठीण जातं. जुन्या मलमलच्या ओढणीचा सैल आडोसा धरा.

डासांचं मलम वापरताना वेष्टनावरची वयाची अट वाचा. डीट हे रसायन असलेलं असेल तर 30 टक्क्यांहून जास्त तीव्रतेचं नको, आणि लेमन युकॅलिप्टस तेलाचं मलम तीन वर्षांखालच्या मुलांना लावत नाहीत. आधी आपल्या तळहातावर घ्या, मग तिच्या पायांना, मानेला लावा. तिच्या हातांना नाही, ते तोंडात जातात. परत आल्यावर साबणाने धुवा. औषधांच्या डबीत थर्मामीटर, ओआरएसची पाकिटं आणि ताप उतरवणारं औषध असावं, आणि त्याची मात्रा तिच्या वजनाप्रमाणे तुमच्या बालरोगतज्ज्ञांकडून कागदावर लिहून घेतलेली असावी. ओआरएसच्या पाकिटावर किती पाणी ते लिहिलेलं असतं. मोठं पाकीट एक लिटरचं, लहान 200 मिलीलिटरचं. अर्धं पाकीट पेल्यात टाकून ‘थोडं घट्ट’ केलेलं द्रावण मुलाला अपाय करतं.

सासूबाईंकडे आता वळू, कारण त्यांच्या नकारात तथ्य आहे. जंगल म्हणजे दवाखान्यापासून लांब, एवढंच त्या बहुधा म्हणत आहेत. त्यांना मोघम धीर देऊ नका. मोहर्लीपासून चंद्रपूर तासाभरापेक्षा कमी अंतरावर आहे, तिथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, मुलीला कोअरच्या सफारीला नेणार नाही, तिच्याजवळ सतत आम्हा दोघांपैकी एक असेल, असं नेमकं सांगा. त्यांना बरोबर न्यावं का, हेही विचारात घ्या. त्या आल्या तर एखादी फेरी तुम्हा दोघांना एकत्र मिळेल. पण त्यांना फक्त खोलीत नात सांभाळायला नेऊ नका. त्यांची एक सफारी आधी आखा, गुडघे-कंबर साथ देत असतील तर. आणि त्या ‘नको’ म्हणाल्या तर पुन्हा आग्रह नको.

हिवाळा लांब आहे, तोवर तिला सवय होऊ द्या. पुण्यात वेताळ टेकडी आहे, तळजाई आहे. महिन्यातून दोन-तीन सकाळी जा आणि ती किती वेळ रमते ते बघा. अर्ध्या दिवसाची सहल हवी तर सुप्याचं मयूरेश्वर अभयारण्य चांगलं, माळरानावर चिंकारा दिसतात. थोडं लांब, नगर जिल्ह्यातल्या कर्जतजवळ रेहेकुरी, काळविटांसाठी. जेमतेम सव्वादोन चौरस किलोमीटरचं अभयारण्य आहे, गवत मोकळं, कळप उघड्यावर. लहान मुलाला जनावर खरोखर दिसतं अशा जागा फार थोड्या, त्यातली ही एक. टोपी आणि पाणी मात्र भरपूर न्या, सावली नाही.

हेच पत्र मुंबईतून आलं असतं तर बोरिवलीचं संजय गांधी राष्ट्रीय उद्यान सुचवलं असतं. शंभरावर चौरस किलोमीटरचं हे जंगल शहराच्या पोटात आहे, आणि रविवार टाळून सकाळी लवकर गेलं तर पायी चालण्याच्या वाटा मुलांना पुरतात. तिथे माकडांपासून जपा. हातात बिस्किट असलेलं मूल त्यांच्या नजरेतून सुटत नाही, खाणं पिशवीत आणि पिशवी बंद. कान्हेरी लेण्यांवर गेलात तर खडकात खोदलेल्या पाण्याच्या पोढी उघड्या असतात, मुलाचा हात सोडू नका. नागपूरच्या वाचकांना गोरेवाड्याची बंद बसमधली सफारी जवळ आहे. बस बंद असल्याने वारा, धूळ, पाइप यांचा प्रश्नच येत नाही, आणि फेरी आटोपशीर असते.

पूर्ण सफारीला तिला कधी न्यायचं, याचं उत्तर वयात नाही. ती स्वतः ‘शू आली’ सांगते का, कानात सांगितलेली गोष्ट पंधरा मिनिटं गप्प राहून ऐकते का, आणि ‘आता उतरायचं नाही’ याचा अर्थ तिला कळतो का, ते बघा. बहुतेक मुलांना हे पाचव्या-सहाव्या वर्षी जमतं, काहींना थोडं आधी. टेकडीवरच्या सकाळी हे तुम्हाला आपोआप कळत जाईल.

आणि हिवाळ्यात परत आल्यावर एक खबरदारी. पावसाळ्यानंतरच्या गवतातल्या बारीक किडीच्या चाव्याने स्क्रब टायफस होतो. 2018 साली नागपूर आणि आसपासच्या भागात त्याचे रुग्ण वाढले होते. चंद्रपूर-गडचिरोली पट्ट्यात मलेरियाही आहे. मुक्कामात रोज संध्याकाळी आंघोळ घालताना तिच्या काखा, जांघा, कानामागची जागा आणि डायपरच्या कडा नीट तपासा. काळसर खपलीसारखा, न दुखणारा डाग दिसला तर त्याचा फोटो काढून ठेवा. घरी आल्यावर तीन-चार आठवड्यांत ताप आला, तर साधा सर्दीताप समजून थांबू नका. डॉक्टरांना पहिल्या वाक्यात सांगा की अमुक तारखेला आम्ही ताडोब्याला होतो, आणि तो फोटो दाखवा. लवकर ओळखलं तर स्क्रब टायफसवर साध्या प्रतिजैविकाने उपचार होतात.